कॉल कधी पाठवायचा?

वाचकाचं पत्र

"मी मराठवाड्यातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिन शिकवते. आमच्याकडे स्वतंत्र पॅलिएटिव्ह विभाग, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करण्यावर काम करणारा विभाग, नाही. भूलशास्त्राचे एक सर आठवड्यातून दोन दिवस पेन क्लिनिक चालवतात, त्यांच्यासोबत या कामाचं प्रशिक्षण घेतलेली एक सिस्टर आहे. कॉल, म्हणजे रुग्णाला बघायला येण्याची विनंती, पाठवला की दोघंही येतात. मध्यंतरी ओव्हरीच्या कॅन्सरची एक बाई आमच्या वॉर्डात आठवडाभर उलट्या आणि पोटदुखीने तळमळत होती. माझ्या सेकंड इयरच्या रेसिडेंट डॉक्टरने सरांना कॉल पाठवला तो अगदी शेवटच्या दिवशी. सर येईपर्यंत ती गेली. मी विचारलं, तर म्हणाला, 'मॅडम, पुढची केमो ठरलेली होती, म्हणून आधी नाही पाठवला.' मुलगा हुशार आहे, रात्र-रात्र राबणारा आहे. या मुलांना नेमका कोणता टप्पा सांगू, की इथे कॉल पाठवायचा? आणि दुसरी काळजी अशी, की कॉल पाठवायची सवय लावली तर अवघड बोलणं दुसऱ्यावर ढकलायलाच शिकतील का?"

— एक प्राध्यापिका

उत्तर

प्रिय मॅडम,

तुमच्या रेसिडेंटचं उत्तर अगदी सरळ आहे, आणि ते त्याने कुठल्याही पुस्तकातून घेतलेलं नाही. केमो चालू आहे तोवर आपण, केमो संपली की ते, अशी वाटणी तो राउंडवर उभा राहून शिकला. बहुतेक वॉर्डांत ती न बोलता शिकवली जाते. प्रोफेसर एका खाटेपाशी दहा मिनिटं थांबतात, पुढच्या खाटेपाशी फक्त "कंटिन्यू सेम" म्हणून निघून जातात, आणि मागे उभी असलेली मुलं त्यातून ठरवतात की कोणता रुग्ण अजून आपला आहे आणि कोणता राहिलेला नाही.

म्हणून टप्पा सांगू नका, असंच मी तुम्हाला म्हणेन. टप्पा सांगितलात की मुलं त्या टप्प्याची वाट बघत बसतील. त्यांना त्रास बघायला शिकवा. प्रश्न एकच ठेवा आणि तो रोज विचारा: या माणसाला आज सगळ्यात जास्त त्रास कशाचा आहे, आणि तो आपल्या औषधांनी आटोक्यात येतोय का? येत नसेल, तर कॉल त्याच दिवशी. केमो चालू असो, डायलिसिस चालू असो, उद्या ऑपरेशन असो.

टप्प्यावर भिस्त ठेवू नये याचं साधं कारण म्हणजे टप्पा ओळखण्यात आपण डॉक्टर फार कच्चे आहोत. शिकागोमध्ये ५ हॉस्पिस (अखेरच्या काळातल्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या) सेवांमधल्या ४६८ रुग्णांबद्दल त्यांच्या ३४३ डॉक्टरांना विचारलं होतं, हा रुग्ण अजून किती जगेल असं वाटतं? हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. अंदाज जवळपास बरोबर ठरले ते २० टक्के. ६३ टक्के वेळा डॉक्टरांनी प्रत्यक्षापेक्षा जास्त आयुष्य सांगितलं होतं. त्यातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की रुग्णाशी डॉक्टरांची ओळख जितकी जुनी, तितका अंदाज जास्त चुकलेला. जीव लागला की डोळे झाकले जातात. मग ज्या डॉक्टरला रुग्णाची सगळ्यात जास्त काळजी आहे, त्याच्याच हातून कॉल सगळ्यात उशिरा जायचा. तुमचा राबणारा रेसिडेंट याच जातीचा दिसतो.

"हा रुग्ण येत्या वर्षभरात गेला, तर मला आश्चर्य वाटेल का?" हा प्रश्न परदेशातून आपल्याकडे आला आणि परिषदांमध्ये बराच शिकवला जातो. तो जरूर शिकवा, पण भाकीत म्हणून नको. भाकीत म्हणून तो फारसा अचूक नाही, कॅन्सर सोडून बाकीच्या आजारांत तर आणखी कमी. त्याचा उपयोग वेगळा आहे. "नाही, आश्चर्य वाटणार नाही" असं रेसिडेंट मोठ्याने म्हणाला, की त्या खाटेपाशी क्षणभर थांबावं लागतं. एवढं झालं तरी पुष्कळ.

लवकर बोलावल्याने काय होतं, हेही मुलांना आकड्यांनिशी सांगा. आकडे त्यांना पटतात. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये फुप्फुसाच्या पसरलेल्या कॅन्सरचं नुकतंच निदान झालेल्या १५१ जणांवर अभ्यास झाला, तो २०१० मध्ये छापून आला. काहींना नेहमीचे उपचार दिले, काहींना त्याच्या जोडीला अगदी सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह टीम दिली. टीम मिळालेल्यांचं रोजचं जगणं अधिक सुसह्य होतं, नैराश्य कमी होतं, शेवटी शेवटी होणारे आक्रमक उपचार कमी झाले. आणि तरीही ते जास्त जगले, मध्यक (निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ) ११.६ महिने, दुसऱ्या गटाचा ८.९. आयुष्य वाढल्याचं नंतरच्या प्रत्येक अभ्यासात दिसलेलं नाही, त्यामुळे रुग्णाला तसं आश्वासन कुणी देऊ नये. पण पॅलिएटिव्हवाले आले की माणूस लवकर जातो, ही जी भीती रेसिडेंटच्या आणि नातेवाइकांच्या मनात असते, तिला उत्तर द्यायला एवढं पुरेसं आहे.

आता तुमच्या त्या बाईकडे येऊ. तिचा केस पेपर रेकॉर्ड सेक्शनमधून मागवून घ्या आणि रेसिडेंटला शेजारी बसवून, दोघं मिळून एकेक दिवस वाचा. मला जे सापडेल असं वाटतं ते सांगतो, कारण असे पेपर मी खूप पाहिले आहेत. रोज सकाळी "पेन प्लस, व्हॉमिटिंग प्लस". किती दुखतंय, कुठे, रात्री झोप लागली का, याची नोंद नाही. दुखण्यावर ट्रॅमाडॉल लिहिलेलं असेल ते एसओएस, म्हणजे तिने मागितलं तर. रात्री दोन वाजता चाळीस रुग्णांना एक सिस्टर असते, आणि खेड्यातली बाई त्या सिस्टरला हाक मारायला संकोचते. एसओएस लिहिणं म्हणजे दुखणं सांगण्याची जबाबदारी तिच्यावर टाकणं. उलटीसाठी ऑन्डान्सेट्रॉन, वर कदाचित मेटोक्लोप्रामाइड. त्या उलट्या आणि पोटदुखी बघता तिचं आतडं अडकलेलं असावं; आतडं पूर्ण अडकलेलं असताना मेटोक्लोप्रामाइडने कळा वाढतात, हे त्याला कुणी सांगितलं होतं का ते विचारा. ऑपरेशन शक्य नाही असं सर्जन लिहून गेल्यावरसुद्धा अडकलेल्या आतड्यासाठी करण्यासारखं बरंच असतं: उलटीला हॅलोपेरिडॉल, सूज उतरायला डेक्सामेथासोन, स्राव आणि कळा कमी करायला हायोसिन ब्युटाइलब्रोमाइड किंवा ऑक्ट्रिओटाइड, दुखण्याला मॉर्फिन. यातलं बहुतेक सगळं कातडीखाली देता येतं, वारंवार शीर शोधत बसावं लागत नाही. हे त्याला येत नव्हतं यात त्याचा दोष नाही. पण येत नाही हे कळण्याचा दिवस कोणता होता? तिसरा की चौथा? त्या तारखेवर त्याचं बोट त्याचं त्यालाच ठेवू द्या. लेक्चरपेक्षा हे जास्त काळ लक्षात राहतं.

मॉर्फिनबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण कॉल उशिरा जाण्यामागे बऱ्याचदा हीच भीती लपलेली असते. श्वास थांबेल, सवय लागेल, कायद्यात अडकू. साधी गोळी दर ४ तासांनी घड्याळाप्रमाणे द्यायची. मध्येच कळ उठली तर जादा डोस, दिवसभराच्या एकूण मात्रेच्या साधारण सहाव्या हिश्श्याएवढा. आतडं अडकलेलं नसेल तर पोट साफ होण्याचं औषध पहिल्याच दिवसापासून. किडनी बिघडलेली असेल तर मात्रा कमी आणि दोन डोसांमधलं अंतर जास्त. एवढं ज्याने स्वतःच्या हाताने दोन-चार रुग्णांत केलं, त्याची भीती जाते. कायद्याचं म्हणाल, तर १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यामुळे मॉर्फिन मिळवणं फार किचकट होऊन बसलं होतं. २०१४ च्या दुरुस्तीनंतर राज्याच्या औषध नियंत्रकाकडून मान्यता घेतलेल्या संस्थेला ते ठेवता येतं. तुमच्या कॉलेजची मान्यता चालू आहे का आणि गोळ्या फार्मसीत प्रत्यक्ष आहेत का, हे आधी बघा. गोळ्याच नसतील तर शिकवण्याला अर्थ राहत नाही.

कॅन्सरच्या रुग्णात निदान कुणाला तरी कॉल सुचतो. खरी उपेक्षा होते ती तुमच्याच मेडिसिन वॉर्डातल्या बाकीच्यांची. लिव्हर सिरॉसिसचा माणूस महिन्यातून दोनदा पोटातलं पाणी काढायला येतो, ट्रान्सप्लांट होणार नाही हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि दर वेळी नवा इंटर्न तेवढ्याच तत्परतेने टॅपिंग करून त्याला घरी पाठवतो. सीओपीडीचे, म्हणजे फुप्फुसाच्या जुनाट आजाराचे, आजोबा हिवाळ्यात तिसऱ्यांदा बायपॅपवर (श्वासाला मदत करणाऱ्या मशीनवर) जातात. हार्ट फेल्युअरचा रुग्ण बसूनच झोपतो. डायलिसिसवरचा पेशंट "आता नको" म्हणतो आणि आपण त्याची समजूत काढत राहतो. यांच्यात उतार एकसारखा नसतो. माणूस खाली जातो, सावरतो, पुन्हा खाली जातो, आणि सावरला की आपण विसरतो. इथे मुलांच्या हातात काही खुणा द्यायला हव्यात: सहा महिन्यांत न ठरवता दुसऱ्यांदा भरती, दिवसातला अर्ध्याहून जास्त वेळ अंथरुणात, कपडे ढिले व्हावेत इतकं घटलेलं वजन, किंवा काळजी घेणाऱ्या बायकोचे स्वतःचे सुकलेले डोळे. ही शेवटची खूण कुठल्याही फॉर्मवर नसते, पण वॉर्डातल्या मावशींना ती आधी दिसते. राउंडवर मावशींना आणि सिस्टरांना विचारायची सवय मुलांना लावा.

तुमची दुसरी काळजी मला पहिलीपेक्षा मोलाची वाटली. ढकलाढकली होते, हे खरं आहे. म्हणून युनिटमध्ये दोन गोष्टी ठरवून टाका. कॉल पाठवण्याआधी रेसिडेंटने रुग्णाच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून त्याच्याशी स्वतः बोललं पाहिजे. आणि टीम येईल तेव्हा कॉल पाठवणाऱ्याने तिथे हजर राहिलं पाहिजे. टीम येऊन गेल्यावरही रुग्ण तुमच्याच युनिटचा राहतो, राउंड तसाच होतो. मग ढकलायला जागा उरत नाही, उलट अनुभवी माणूस अवघड गोष्ट कशी बोलतो ते जवळून बघायला मिळतं. डॉक्टर हे असंच शिकतो, दुसरा मार्ग मला माहीत नाही.

बोलायचं काय, हेही शब्दांत सांगावं लागतं. नाहीतर मुलं "आमच्याकडून झालं, आता पेनवाल्यांना दाखवा" असं काहीतरी बोलून बसतात, आणि रुग्णाच्या पायाखालची जमीन सरकते. मी रेसिडेंटना साधारण असं बोलायला सांगतो: "मावशी, तुमची केमो आमच्याच युनिटमध्ये चालू राहणार आहे, त्यात बदल नाही. पण तुम्हाला रात्रभर झोप नाही, अन्न पोटात ठरत नाही, याचं काहीतरी करायला हवं. या त्रासावरच काम करणारे एक सर आणि सिस्टर आपल्याकडे आहेत. उद्या सकाळी मी त्यांना घेऊन येतो, मीही इथेच असेन." आधी काय सोडणार नाही ते, मग त्रासाचं नाव, मग माणसं. हे त्याने तुमच्यासमोर एकदा मोठ्याने म्हणून दाखवावं. मुलं लाजतात, हसतात, पण दुसऱ्या-तिसऱ्या वेळी आवाज सुटतो.

नातेवाईक "तिला काही सांगू नका" म्हणतात, तेव्हा रेसिडेंट एकतर त्यांच्याशी भांडतो किंवा पूर्ण शरण जातो. दोन्हीची गरज नाही. "सांगितलं तर काय होईल असं वाटतं तुम्हाला?" एवढं विचारून गप्प राहायला शिकवा. बहुतेक वेळा भीती बाहेर येते: ती खाणं सोडेल, जीव देईल, तिचा धीर सुटेल. ती ऐकून घेतली, की मग रुग्णाला भेटून विचारायला परवानगी मिळते: "आजाराबद्दल तुम्हाला स्वतःला किती जाणून घ्यायचंय, की मी मुलाशीच बोलू?" काही जण "मुलाशीच बोला" म्हणतात, आणि तो त्यांचा निर्णय असतो. पुष्कळ जण मात्र सगळं ओळखून असतात आणि बोलायला कुणी मिळावं याची वाट पाहत असतात. त्याच बसण्यात घर किती लांब, गावात डॉक्टर कोण, पैशाची सोय कुठून केली, हेही विचारावं. म्हैस विकून आलेल्या कुटुंबाला आठवी केमो सुचवताना ते माहीत असलेलं बरं.

आयसीयूतून डामा घेऊन, म्हणजे डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध सही करून, रुग्णाला घरी नेणाऱ्या कुटुंबांचा विषय तुम्ही काढला नाहीत, पण मी काढतो. पैसे संपतात, आशा संपते, नातेवाईक सही करतात आणि रुग्ण घरी जातो. त्याच्या डिस्चार्ज कार्डावर पुष्कळदा एकही औषध लिहिलेलं नसतं. ज्या माणसाला शेवटचे दोन दिवस दम लागणार आहे, घशात घरघर होणार आहे, त्याच्या घरच्यांना आपण रिकाम्या हाताने पाठवतो. सहीचा कागद पुढे करण्याआधी पॅलिएटिव्ह टीमला फोन, हा नियम युनिटमध्ये करा. आपल्या कायद्यात उपचार न वाढवण्याला आणि थांबवण्यालाही जागा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती दिली आणि २०२३ मध्ये त्यासाठीच्या वैद्यकीय मंडळांची, नोटरीची प्रक्रिया सोपी केली. हृदय बंद पडल्यास पुन्हा चालू करण्याचा प्रयत्न करू नये, हे कधी आणि कसं ठरवायचं याची आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) मार्गदर्शक तत्त्वं २०२० पासून आहेत. हे दोन्ही रेसिडेंटना ठाऊक असायला हवं. डामा हा एकच दरवाजा आहे असं समजून ते कुटुंबाला तिकडे नेतात.

अभ्यासक्रमाचा आधारही घ्या. एमबीबीएसच्या २०१९ पासूनच्या सक्षमताधारित अभ्यासक्रमात मेडिसिनच्या कॅन्सरच्या प्रकरणात वेदनेचं मोजमाप आणि अखेरच्या काळातली काळजी दोन्ही आहे. त्यामुळे हे शिकवायला तुम्हाला कुणाची वेगळी परवानगी नको. वेळ मात्र काढावा लागेल. पंधरा दिवसांचं पोस्टिंग बाहेर लावता आलं तर उत्तम. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर आणि प्रशिक्षण केंद्र १९९७ पासून चालू आहे. मुंबईत टाटा मेमोरियलचा विभाग आहे, तिथे याच विषयात एमडी होता येतं. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासूनचं, देशातलं पहिलं हॉस्पिस. ज्या रेसिडेंटने एकदा तिथे जाऊन दुखणं थांबलेला रुग्ण शांतपणे चहा पिताना पाहिला, त्याला कॉल कधी पाठवायचा हे फारसं शिकवावं लागत नाही.

तुमच्या त्या रेसिडेंटला वेगळं बोलवा. त्या बाईच्या जाण्याने तो हलला असेल. रात्र-रात्र राबणारी मुलं तसं दाखवत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कॅज्युअल्टीत उभी राहतात. आधी त्याला त्याबद्दल बोलू द्या, केस पेपर नंतर उघडा. पुढच्या मॉर्टॅलिटी मीटमध्ये, म्हणजे वॉर्डातल्या मृत्यूंवर चर्चा होते त्या बैठकीत, ही केस त्यालाच मांडू द्या, पण मृत्यूच्या कारणापाशी थांबू नका. कोणत्या दिवशी काय करता आलं असतं, हे इतर रेसिडेंटना विचारा, आणि वरिष्ठांपैकी पहिलं उत्तर तुम्ही द्या, म्हणजे सगळा रोख त्या एकट्या मुलाकडे जाणार नाही.

हे सगळं चालू झालं की कॉल वाढतील, आणि पेन क्लिनिकच्या सरांना आठवड्यातले दोन दिवस पुरणार नाहीत. आजच त्यांच्याशी बोलून घ्या. त्या सिस्टरची ड्युटी दुसऱ्या वॉर्डात लागणार नाही याची लेखी ऑर्डर, मॉर्फिनचा साठा आणि आणखी एक दिवस, या तीन मागण्या घेऊन डीनकडे तुम्ही दोघांनी मिळून जावं. मेडिसिन आणि भूलशास्त्र एकत्र आले तर नाही म्हणणं अवघड जातं.